पाळणेदादा गाडी सोडून आत गेले

शहर दाखवणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला शहर बघायला मिळत नाही, असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण आधी पाळणेदादांची गोष्ट ऐका आणि मग बोला.

दादांचं खरं नाव कंपनीच्या कागदावर असेल तेवढंच. डेपोत, गल्लीत, अगदी सुनेच्या माहेरीसुद्धा ते पाळणेदादाच. त्यांच्या हातात गाडी अशी चाले की हॉटेलच्या दारातून चढलेली माणसं दुसऱ्या सिग्नलला पेंगायला लागत. एकदा एक जोडपं तान्हं मूल घेऊन चढलं. मुलानं रडून आभाळ डोक्यावर घेतलेलं. दादांनी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, मूल झोपलं. मग आई झोपली. मग बाप झोपला. म्युझियम आलं तेव्हा त्या तिघांना उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. दिवसभर झोपून ते कुटुंब संध्याकाळी उतरलं, आणि बापानं दादांचा हात हातात घेऊन सांगितलं की इतकी छान सहल आजवर झाली नव्हती. तेव्हापासून पाळणेदादा.

बसच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘आपलं शहर एका दिवसात’. सकाळी म्युझियम, मग तारांगण, मग चित्रांचं दालन, दुपारी जेवणानंतर जुना महाल, आणि सगळ्यात शेवटी कंपनीच्या मालकाच्या मेहुण्याचं दुकान. हे दुकान सहलीच्या पत्रकात कुठेच नव्हतं, पण तिथे थांबल्याशिवाय बस कधी परतली नव्हती. लाकडी घोडे, पितळी दिवे आणि हातानं विणलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रावरच्या शाली असा सगळा तिथला माल.

यातलं प्रत्येक ठिकाण दादांना तोंडपाठ होतं, पण दारापर्यंत. चित्रांच्या दालनाची दुसरी पायरी जरा उंच आहे, तिथे प्रत्येक जण अडखळतो आणि मग वळून पायरीकडे असा बघतो की जणू तिनंच पाय आडवा घातला. तारांगणाचा पहारेकरी उभ्या उभ्या झोपतो आणि टोपी पडली की जागा होतो. म्युझियमच्या भिंतीतल्या पाइपाला रोपटं फुटलंय, ते दादांच्या डोळ्यांदेखत मनगटाएवढं जाड झालं. पण दाराच्या पलीकडे काय आहे ते दादांना विचारू नका. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. माणसं उतरतात, पिशव्या गाडीत राहतात. ऊन असलं तर एसी चालू ठेवावा लागतो. पोलिस आला तर गाडी पुढेमागे करायला सीटवर माणूस लागतो.

बरं, सुट्टीच्या दिवशी जावं म्हटलं, तर खरी गंमत तिथेच. शहरातली बघण्यासारखी सगळी ठिकाणं सोमवारी बंद. ती बंद म्हणून बस बंद, आणि बस बंद म्हणून दादांना सुट्टी. ज्या दिवशी दादा मोकळे त्या दिवशी दारांना कुलपं, आणि ज्या दिवशी दारं सताड उघडी त्या दिवशी दादा बाहेर स्टेअरिंगवर. रजा काढावी, तर रजा लग्नाला, दवाखान्याला नाहीतर मयताला. महाल बघायला रजा मागणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचा होता.

मग दादा बाहेर बसून येणाऱ्यांचे चेहरे बघत. म्युझियममधून माणसं भुकेली होऊन येत. तारांगणातून डोळे मिचकावत येत. चित्रांच्या दालनातून नवरा-बायको हमखास भांडत येत. एकाला काहीतरी कळलेलं असे आणि दुसऱ्याला तेच कळलेलं नसे. महालातून येणारी माणसं मात्र गप्प येत, आणि मान चोळत येत. रोजची वेगळी माणसं, पण मान चोळणं तेच. ही काय भानगड आहे ते दादांना कधी उलगडलं नाही. गाईडला विचारलं तर तो म्हणे, “तुम्हाला काय करायचंय दादा? तुमची मान शाबूत आहे ना?”

या गाईडला सगळे पोपट म्हणत. माइक हातात आला की तेच वाक्य, त्याच ठिकाणी तोच विनोद, आणि विनोदानंतर हसायला जागा सोडलेली. कुणी हसो न हसो, तो तेवढा वेळ थांबणारच. घड्याळ तो वापरत नसे. त्याला गरजच नव्हती. प्रत्येक ठिकाणची वेळ संपली की दादा बाहेरून हॉर्न देत, एक लांब आणि एक आखूड, आणि पोपट आतून माणसं हाकत आणे. सकाळी पहिल्याच थांब्यावर तो प्रवाशांना बजावून ठेवी की हॉर्न झाला की निघायचं, तोवर निवांत बघा. दादांचा हॉर्न म्हणजे त्या बसचं घड्याळ, आणि घड्याळ कधी चुकलं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डेपोत बातमी आली की महाल विकला गेला. नवा मालक तिथे बडं हॉटेल काढणार. येत्या रविवारपर्यंत लोकांना बघायला उघडा, त्यानंतर आत जायचं ते हॉटेलचा पाहुणा म्हणून. आणि तिथला पाहुणा होण्याची आपली ऐपत नाही, हे डेपोतल्या कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कुणी हळहळलं. कुणी म्हणालं, बरं झालं, एक थांबा कमी. दादा मात्र मनाशी हिशोब करत बसले. इतकी वर्षं माणसांना त्या दाराशी नेऊन सोडलं, ती सगळी आत जाऊन मान चोळत आली, आणि आता आपली पाळी यायच्या आत दारच लागणार.

घरी जेवताना त्यांनी विषय काढला. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही तर रोज तिथेच असता. सून बिचारी चांगल्या मनाची. तिनं लगेच फोनवर महाल काढून सासऱ्यांच्या पुढे धरला. दादांनी चष्मा लावून बघितलं. महाल तळहाताएवढा होता.

“यात मान कुठे चोळावी लागते?” दादांनी विचारलं.

सुनेनं बोटांनी चित्र मोठं करून दाखवलं. मुलगा म्हणाला, “पण बाबा, या वयात ते बघून करणार काय?”

दादांनी हातातला घास ताटात ठेवला. “मी रोज गाडी भरून माणसं नेतो तिथे. त्यांना विचारलं का कुणी, बघून करणार काय म्हणून? मलाच का विचारता?”

कोपऱ्यात दादांची बायको शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसली होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि मान वर न करता म्हणाली, “मग बघा की. विचारताय कुणाला?”

दुसऱ्या दिवशी दादा मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि रविवारची रजा मागितली. कारण विचारलं तर खरं ते सांगितलं. साहेब आधी हसले, मग म्हणाले की रविवारी गर्दी उसळणार, बदली ड्रायव्हर आजारी, रजाबिजा काही नाही. तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण त्यांनी ती गोष्ट ऑफिसभर केली की पाळणेदादांना राणीसाहेबांच्या भेटीला जायचंय. झालं. आठवडाभर डेपोत दादांना बघून लोक लवून मुजरे करायला लागले. गाड्या धुणारा तर रोज सकाळी विचारी, “दादा, मुकुट धुवायला टाकलाय का?” दादा गाडीच्या काचा पुसत राहिले. त्यांचं ठरलं होतं.

रविवारी त्यांनी दाढी दोनदा केली आणि बुटांना पॉलिश केलं. शेवटचा दिवस म्हणून बस गच्च भरलेली. म्युझियम झालं, तारांगण झालं, दालन झालं, जेवणं झाली, आणि बस महालाशी आली. पोपट माणसं घेऊन आत गेला. दादांनी नेहमीच्या झाडाखाली गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. मग एसी बंद केला. मग किल्ली काढली आणि खाली उतरले.

पार्किंगचा वॉचमन धावत आला. “दादा, गाडी बंद का केली?”

“आत जातोय.”

“मग गाडीत कोण?”

“कुणी नाही.”

“अहो, लोकांच्या पिशव्या आहेत आत.”

“म्हणून तर कुलूप लावतोय.”

“पोलिस आला म्हणजे?”

“त्याला आत पाठव. त्यानंही कुठे बघितलाय महाल?”

वॉचमन डोकं खाजवत राहिला. तिकिटाच्या खिडकीतला माणूस दादांना लांबून ओळखत होता. तो म्हणाला, गाईड-ड्रायव्हरला तिकीट लागत नाही, जा तसेच; तशी आजवर ड्रायव्हर आत गेल्याची मात्र आठवण नाही. दादा म्हणाले, “तिकीट द्या. मी ड्रायव्हर म्हणून आलेलो नाही.” तिकीट हातात घेऊन त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं, बाहेरून दिसेल असं, आणि आत पाऊल टाकलं.

आता खरं सांगायचं तर सुरुवातीला दादांचा चांगलाच विरस झाला. पोपटानं माइकवरून आरसेमहालाचं इतकं वर्णन केलेलं की दादांच्या मनात तो मैदानाएवढा झाला होता. प्रत्यक्षात तो दादांच्या दोन खोल्यांपेक्षा फार मोठा नव्हता, आणि आरसे काळवंडलेले. त्या सगळ्या आरशांतून गणवेशातले दादाच दादांकडे बघत होते. इतके ड्रायव्हर एका वेळी डेपोतसुद्धा नसतात. सिंहासन बघितलं, तर त्याच्या गादीतून कापूस निघालेला. दादांना वाटलं, आपल्या सीटची अवस्था याहून बरी आहे.

पण पुढे एक खोली होती. तिचं वर्णन पोपटानं कधी केलं नव्हतं, कारण तिच्यावर त्याच्याकडे विनोद नव्हता. खोलीत सामान काहीच नाही, भिंती पांढऱ्या. दादा निघालेच होते, तेवढ्यात बाजूची बाई मान वर करून उभी दिसली. दादांनीही मान वर केली.

छतभर निळं आकाश रंगवलेलं, आणि त्यात पक्षी. किती पक्षी. झेपावणारे, वळणारे, पंख मिटून खाली सूर मारणारे, दोघे भांडणारे, एक उगाच सगळ्यांच्या उलट दिशेनं निघालेला. एकासारखा दुसरा नाही. बघता बघता दादांची मान अवघडली, त्यांनी हातानं ती चोळली, आणि चोळता चोळता त्यांना एकदम हसू आलं. इतक्या वर्षांचं कोडं एका खोलीत सुटलं होतं.

एका कोपऱ्यातला पक्षी मात्र नुसता रेघांचा होता, रंगच भरलेला नाही. स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याला दादांनी कारण विचारलं. तो म्हणाला, कुणास ठाऊक. रंग संपला असेल, नाहीतर चित्रकाराला कुणीतरी मधूनच बोलावून नेलं असेल.

“हॉर्न दिला असेल त्याला,” दादा म्हणाले.

मग मान फारच दुखायला लागली तसे ते सरळ खाली बसले. पहारेकरी म्हणाला, बसायला मनाई आहे. दादा म्हणाले, मान दुखते. पहारेकरी म्हणाला, सगळ्यांचीच दुखते.

“म्हणून तर सगळे अर्धंच बघून जातात,” असं म्हणून दादा फरशीवर उताणे झाले.

उद्यापासून पहारेकऱ्यालाही तिथे काम नव्हतं. तो दुसरीकडे बघायला लागला.

इकडे काय झालं असेल याचा विचार तुम्हीच करा. बाहेर गाडीला कुलूप. हॉर्न द्यायला गाडीत कोणी नाही. पोपटानं शेवटच्या दालनात शेवटचा विनोद केला, हसायला जागा सोडली आणि कान बाहेर लावले. हॉर्न नाही. म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेही संपलं. प्रवाशांना सकाळीच बजावलेलं, हॉर्न होईपर्यंत निवांत बघा; ते निवांत बघत राहिले. कुणी म्हणालं, आज वेळ भरपूर दिला यांनी, चांगली कंपनी आहे. बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा पोपट स्वतः खिडक्यांची नक्षी बघत फिरायला लागला. गाईड झाल्यापासून पहिल्यांदाच तो तिथे तोंड मिटून उभा होता.

त्याच बसमधली एक आजीबाई पक्ष्यांच्या खोलीत आली. तिला दादा फरशीवर दिसले आणि ती घाबरली.

“अरे बाळा, चक्कर आली का?”

“नाही आजी. मजेत आहे. या, इथून चांगलं दिसतं.”

आजीनं इकडेतिकडे बघितलं, पिशवी उशाला घेतली आणि पडली की आडवी. मागून तिचा मुलगा आला, त्याची बायको आली, मग आणखी चार जण. पोपट शोधत शोधत तिथे पोचला तेव्हा अर्धी बस फरशीवर लोळत होती, आणि मधोमध ड्रायव्हर.

पोपट लोळणाऱ्या पायांमधून वाट काढत दादांपाशी आला. “दादा, हॉर्न?”

“इथून कसा मारू?” दादा म्हणाले. “तोंडानं वाजवू का?”

महाल बंद व्हायची घंटा झाली तेव्हाच सगळे उठले. मेहुण्याच्या दुकानावरून बस गेली तेव्हा दुकानाचं शटर खाली आलेलं. आणि नवलाची गोष्ट म्हणजे परतीच्या वाटेवर त्या बसमध्ये एकही माणूस झोपला नाही. उलट्या दिशेनं उडणारा पक्षी कोणी कोणी बघितला यावरून मागच्या सीटवर चांगली जुंपली होती.

मंगळवारी साहेबांनी बोलावलं. मेहुण्यांनी मालकांना ऐकवलेलं, मालकांनी साहेबांना, आता साहेबांकडून ते दादांकडे यायचं होतं. पोपटानं आधीच अंग काढून घेतलेलं. हॉर्न झाला नाही तर मी काय करू, एवढंच तो म्हणत होता. साहेबांचं म्हणणं फार नव्हतं. दादांनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर चुकलो म्हणायचं, पुन्हा करणार नाही म्हणायचं, विषय संपला. नाहीतर सहलीच्या बसवरून खाली उतरायचं.

डेपोतल्या प्रत्येकानं दादांना बाजूला घेऊन समजावलं. दोन शब्दांनी काय झिजतं? जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची. गाड्या धुणारासुद्धा मुकुटाचं विसरून हात जोडून म्हणाला, दादा, म्हणून टाका, तुमच्याशिवाय ही गाडी धुवायला मजा नाही.

सगळे जमले. साहेब टेबलाशी उभे राहिले. दादांनी टोपी काढून हातात घेतली.

“साहेब, गाडीला ओरखडा आला का?”

“नाही.”

“पिशवी हरवली कुणाची? कुणा प्रवाशानं तक्रार केली?”

“प्रवाशांचं सोडा हो.”

“कशी सोडू? त्यांच्यासाठीच तर गाडी आहे. दुकान चुकलं, एवढंच ना? बरं, दुकान चुकलं. पण बघायला गेलो याची माफी मी मागणार नाही. मी काही चोरलं नाही. तिकीट काढून बघितलं.”

साहेबांनी आवाज चढवला. “म्हणजे पुन्हा करणार तुम्ही?”

“महाल तर गेला,” दादा म्हणाले. “पण बाकीची तीन दारं अजून उघडी आहेत.”

मागे कुणीतरी फस्सकन हसलं, आणि तेवढ्यात दादांचा निकाल लागला. सहलीची बस गेली. त्यांना कारखान्याच्या बसवर टाकलं. सकाळी कामगारांना सुट्या भागांच्या कारखान्यात सोडायचं, संध्याकाळी घरी आणायचं. खिडक्या खडखडणाऱ्या, सीट फाटलेल्या, एसीच्या नावानं शंख. दादा घरी आले तेव्हा मशीन चालू होतं.

“माफी मागायला सांगत होते,” दादा म्हणाले.

“मागितली?”

“नाही.”

“मग तोंड कशाला पाडलंय? हात धुवा आणि बसा जेवायला.”

कारखान्याचे लोकही दोन सिग्नलच्या आत झोपायला लागले. दिवसभर यंत्रांशी झगडून आलेली माणसं ती. त्यांना असा ड्रायव्हर म्हणजे लॉटरीच. शनिवारी अर्धी पाळी असे, आणि त्या दिवशी मात्र ती जागी असत, पत्ते कुटत, एकमेकांची उणीदुणी काढत. अशाच एका शनिवारी दादांनी वाटेत बस कडेला घेतली. फुटपाथवर त्यांची बायको ठेवणीतली साडी नेसून उभी होती. ती चढली आणि पुढच्या सीटवर ऐसपैस बसली. पत्ते थांबले.

दादा सीटवरून मागे वळले. “म्युझियममध्ये आत कोण कोण जाऊन आलंय? हात वर करा.”

एकाच फिटरचा हात वर झाला. चौकशी केली तर तो कधीकाळी रंगकामाला गेला होता, आणि तेव्हा आतलं सगळं कापडांनी झाकलेलं होतं. बस हसून हसून लोळली.

“मग? जायचं?”

कुणी म्हणालं, असल्या तेलकट कपड्यांत आत घेतील का? कुणी म्हणालं, वाट वाकडी केल्याचं कळलं तर दादा, तुमचं काही खरं नाही. दादा म्हणाले, “माझं मी बघतो. ज्याला घरी जायचंय त्यानं इथे उतरा, दुसरी बस मिळेल.” कुणी उतरलं नाही.

म्युझियमच्या दारात पहारेकऱ्यानं ती वरात बघितली. हातांना वंगण, खांद्यावर डबे, आणि पुढे एक बाई पर्स सावरत. त्यानं दरवाजा अडवला नाही, पण घड्याळाकडे बोट दाखवलं. शनिवारी लवकर बंद होतं, आता फार वेळ उरला नाही, म्हणाला, मोठं मोठं तेवढं भराभर बघून घ्या आणि निघा.

“तुम्ही बंद करायला आलात की आम्हाला सांगा,” दादा म्हणाले. “तोवर आम्हाला घाई नाही.”

आणि दाराजवळच्या पहिल्या काचेच्या पेटीपुढे ते जाऊन उभे राहिले. आत मातीचं एक फुटकं भांडं होतं. बायको शेजारी आली, मागे फिटर आला, त्याच्या मागे सगळे. दादांनी चष्मा लावला आणि भांड्याखालची चिठ्ठी पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.